गैरहजर मालक आणि सांभाळणाऱ्याचा जबाब

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुराख्यासाठी एक नियम आहे. रानात जनावर मेले, तर त्याचे कान, कातडे, शेपटीचे केस, स्नायू अशा खुणा त्याने आणून मालकाला दाखवाव्यात. याच्या आगेमागे आणखीही नियम येतात. दिवसा जनावरांची जबाबदारी गुराख्याची. रात्री, ती गोठ्यात परतली असतील तर, मालकाची. चोरांनी उघड बळजबरीने गुरे नेली आणि गुराख्याने वेळीच धन्याला कळवले, तर भरपाई नाही. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनी घेरले असताना तो धावून गेला नाही, तर दोष त्याचा. कळप नीट राखत असताना लांडग्याने अचानक झडप घातली, तर तो निर्दोष. या नियमांत विश्वास, पाप, पुण्य यांची चर्चा जवळजवळ नाही. चिंता एकच दिसते : मालक रानात नव्हता. काय घडले ते फक्त गुराख्याला ठाऊक आहे. मग त्याचा शब्द कधी मानायचा? परक्याची वस्तू सांभाळणाऱ्याच्या कर्तव्यांचा आपल्याकडचा सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो, असे मला वाटते. ठेवीच्या कायद्याला आपण प्रामाणिकपणाचा कायदा समजतो. त्याची कलमे आणि निवाडे बारकाईने पाहिले, तर तो मालकाच्या गैरहजेरीतून उभा राहिलेला, मुख्यतः पुराव्याचा कायदा आहे. त्यात वेळोवेळी बदलत गेले ते एवढेच, की सांभाळणारा कोण आणि तो किती ताकदवान.

स्मृतिकारांनी ठेवीचे प्रकार पाडले तेही याच अंगाने. याज्ञवल्क्यस्मृतीत डब्यात किंवा पेटीत घालून, आत काय आहे ते न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेल्या वस्तूला वेगळी जागा आहे. ती जशी दिली तशीच परत करायची. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात कल्याणीच्या चालुक्य राजवटीत विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्यात मोहोरबंद आणि न मोजता दिलेला तो उपनिधी, मोजून-दाखवून दिलेला तो निक्षेप, आणि घरधनी नसताना घरातल्या माणसांकडे त्याच्यासाठी ठेवून दिलेला तो न्यास, असा फरक केलेला आहे. लग्नकार्यासाठी मागून आणलेली वस्त्रे आणि दागिने यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. हे वर्गीकरण वस्तूच्या किमतीवर बेतलेले नाही. देताना कोणी काय पाहिले, कोणाला काय माहीत होते, यावर ते बेतले आहे. मोजून दिलेल्या दागिन्यांचा वाद मोजणीच्या साक्षीवर सुटेल. बंद पेटीचा वाद मोहोर शाबूत आहे की नाही यावर. साक्षीदारच नसेल तर काय करायचे, याचेही मनुस्मृतीत उत्तर आहे. न्यायाधीशाने आपली माणसे पाठवून संशयिताकडे सोने ठेवायला लावावे आणि नंतर परत मागायला लावावे. त्याने ते मुकाट्याने दिले तर मूळ आरोपात तथ्य नाही असे समजावे, नाहीतर दोन्ही ठेवी वसूल कराव्यात. ठेव नाकारणारा आणि न ठेवताच मागणारा, दोघांनाही चोराप्रमाणे शिक्षा आहे. मालक खोटे बोलू शकतो ही शक्यता इथे आधीच हिशेबात धरलेली आहे, हे महत्त्वाचे.

याज्ञवल्क्याचे याच्यापुढचे तीन नियम इतके नेमके आहेत, की १८७२च्या भारतीय करार कायद्याशेजारी ठेवून ते वाचता येतात. पहिला नियम : राजाने, दैवाने किंवा चोरांनी नेलेल्या ठेवीची भरपाई सांभाळणाऱ्याकडून घ्यायची नाही. करार कायद्याची १५१ आणि १५२ ही कलमे हेच आधुनिक भाषेत सांगतात. सामान्य शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली असेल, तर नुकसान मालकाचे. दुसरा नियम : मालकाने मागितल्यावर ती दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर भरपाई द्यावीच लागेल, वर तेवढाच दंड. कलम १६१ सांगते, की ठरल्या वेळी वस्तू परत केली नाही, तर त्या क्षणापासूनच्या नुकसानीला सांभाळणारा जबाबदार. तिसरा नियम : मालकाला न विचारता ठेव वापरून उपभोग घेतला, तर दंड आणि व्याजासह भरपाई. कलम १५४च्या दाखल्यात एक माणूस बनारसला जायचे सांगून कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतो आणि कटकला जातो. घोडा निव्वळ अपघाताने पडून जखमी होतो. त्याने काळजी घेतली होती ही सबब चालत नाही. तिन्ही ठिकाणी तर्क सारखाच आहे. ठरलेल्या मर्यादेत राहिलात, तर तुमचा खुलासा ऐकून घेतला जाईल. मर्यादा ओलांडलीत, तर खुलाशाचा हक्क गमावलात.

इथे पहिला आक्षेप येतो. १८७२चा कायदा विलायती डोक्यांतून निघाला. त्याचे मूळ रोमन कायद्यात आणि १७०३ साली लंडनमध्ये सरन्यायाधीश होल्ट यांनी दिलेल्या प्रसिद्ध निकालात आहे. याज्ञवल्क्याशी त्याचे नाते जोडणे म्हणजे अभिमानापोटी ओढूनताणून केलेली वंशावळ. वंशावळीपुरता हा आक्षेप बरोबर आहे आणि मी ती मांडतही नाही. पण साम्याकडे डोळेझाक करता येत नाही, आणि ते सर्वांत आधी हेरणाऱ्यांत एक इंग्रजच होता. विल्यम जोन्स यांनी १७८१ मध्ये, कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून येण्याच्या दोन वर्षे आधी, परक्याच्या वस्तूच्या ताब्याविषयीच्या कायद्यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी नोंदवले, की वारसा आणि शिक्षा यांबाबत पंडितांचे नियम कितीही वेगळे असोत, माणसामाणसांतल्या व्यवहारांत हिंदूंचे ग्रंथ आणि रोमन संहिता एकमेकांपासून फार दूर नाहीत. गंमत अशी, की जोन्स यांच्या निबंधाचा गाभाच पुढे १८७२च्या कायद्याने टाकून दिला. त्यांनी काळजीच्या तीन पायऱ्या केल्या होत्या : फायदा फक्त मालकाचा असेल तर सांभाळणाऱ्याची जबाबदारी हलकी, दोघांचा असेल तर मध्यम, फक्त सांभाळणाऱ्याचा असेल तर कडक. कलम १५१ने सर्व प्रकारांना एकच माप लावले. याज्ञवल्क्यानेही मागून आणलेली वस्तू, न्यास, निक्षेप या सगळ्यांना तोच नियम लावला होता. कायदा करणाऱ्यांनी हे तिथून उचलले असे मानायला आधार नाही. निरनिराळ्या काळांतले लोक सारख्याच उत्तरापाशी आले, कारण अडचण सारखी होती. फायदा कोणाचा हे ठरवून मालकाची अडचण सुटत नाही. तो तिथे नव्हता, ही गोष्ट तिन्ही प्रकारांत तशीच राहते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्मृती म्हणजे पोथीतले आदर्श. ते खरोखर अमलात होते कशावरून? शिवाय ते समान नव्हते. ठेव कुलीन, सदाचारी, श्रीमंत माणसाकडे ठेवावी असे मनू सांगतो आणि वादात शपथेचा आधार घेतो. याउलट कष्टकऱ्यांच्या धंद्यांसाठी दंडाचे पक्के दर आहेत. विषमतेचा मुद्दा मान्य करायलाच हवा. अंमलाच्या मुद्द्याबाबत मात्र दोन गोष्टी सांगता येतात. मेलेल्या जनावराचे कान दाखवण्याचा नियम आदर्शवादातून सुचत नाही. गावोगाव झालेल्या भांडणांतून तो सुचतो. आणि पश्चिम भारतात हे ग्रंथ निव्वळ पाठांतरासाठी राहिले नव्हते. मूळच्या पैठणच्या, काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात लिहिलेल्या ‘व्यवहारमयूखा’ला मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत मोठा मान होता. एल्फिन्स्टनच्या काळात झालेल्या १८२७च्या चौथ्या नियमाने दिवाणी न्यायालयांना क्रम घालून दिला : सरकारी कायदा नसेल तिथे देशातला रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि कशाचाच आधार नसेल तर न्याय, समता व सद्‌विवेक. म्हणजे करार कायदा येईपर्यंत पुण्याकडच्या ठेवीच्या दाव्यात रिवाज आणि शास्त्र यांचाच विचार आधी होणार होता. त्या मजकुराला कागदी म्हणून बाजूला सारणे इतके सोपे नाही.

जुन्या कायद्याची खरी श्रीमंती धंद्यांच्या नियमांत आहे. परटाने कपडे शेवरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावेत, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत, कोणाला वापरायला देऊ नयेत, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्याने परक्याचे कपडे स्वतः नेसणाऱ्या परटाला तीन पण दंड सांगितला. ते विकणे, भाड्याने देणे किंवा गहाण टाकणे याला दहा पण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परटाच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण असण्याची व्यवस्था आहे. खूण नसलेला कपडा अंगावर दिसला की तो परका, पुराव्याला आणखी काही शोधायला नको. स्मृतिकार नारदाने तर कपडा हरवला किंवा फाटला तर भरपाई किती, याचे कोष्टकच दिले. एकदा धुतलेल्या कपड्याची किंमत अष्टमांशाने कमी धरायची, दोनदा धुतला तर चौथ्या हिश्श्याने, तीनदा धुतला तर तिसऱ्या हिश्श्याने, चारदा धुतला तर निम्म्याने. सोनार-कारागिराला भट्टीत धातू किती घटतो याची मर्यादा आखून दिली होती. तेवढी घट माफ, त्यापुढची त्याच्या माथी. घटीचे प्रमाण आधीच ठरलेले असेल, तर भट्टीसमोर बसून राहण्याची मालकाला गरज उरत नाही. नियम जितका धंद्याच्या आत शिरतो, तितकी मालकाची गैरहजेरी कमी घातक होते.

‘सामान्य शहाणा माणूस’ या १८७२च्या कल्पनेने हे सारे तपशील एका वाक्यात गुंडाळले. त्यामुळे कायदा सुटसुटीत आणि जातिनिरपेक्ष झाला, हे त्याचे श्रेय. पण नेमक्या त्याच काळात सांभाळणारा बदलत होता. माल आता गावच्या गुराख्याकडे किंवा परटाकडे नव्हता. तो आगबोटीच्या तळघरात आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाघिणींत होता. कापसाची गाठ खानदेशातून मुंबईला येताना वाटेत कोणत्या स्थानकावर फुटली, हे शोधायला शेतकरी किंवा अडत्या कुठे जाणार? १८६५च्या वाहकांविषयीच्या कायद्याने याची जाण ठेवली होती. माल हरवला तर वाहकाची हलगर्जी सिद्ध करण्याचा भार मालकावर नाही, असे त्यात स्पष्ट होते. १८९०च्या रेल्वे कायद्यातही नुकसान कसे झाले हे मालकाने सिद्ध करण्याची गरज नाही असे कलम होते. तरी वाहकाची जबाबदारी विमाकर्त्याइतकी कडक, की साध्या ठेव सांभाळणाऱ्याइतकी, यावर न्यायालये भांडत राहिली. १८७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेच्या एका दाव्यात करार कायद्याचे सौम्य माप लावले, कलकत्त्याने ते नाकारले, आणि १८९१ मध्ये इरावती नदीवरच्या बोट कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याची बाजू घेतली. रेल्वेला मात्र १८९०च्या कायद्याने सौम्य मापच दिले होते. ते १९६१च्या दुरुस्तीनेच कडक झाले.

दरम्यान रेल्वेने वेगळीच वाट शोधली होती. कमी भाड्याच्या बदल्यात मालकाने जोखीम-पत्रावर सही करायची, आणि मग रेल्वेच्या नोकरांची गैरवर्तणूक सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाही. कायद्याने काढलेला पुराव्याचा भार कागदाने परत मालकाच्या डोक्यावर आला. यावर युक्तिवाद असा, की मालकाने स्वस्त दर पाहून स्वखुशीने सही केली. करार म्हणजे करार. स्वस्त दराच्या बदल्यात जास्त जोखीम घेणे यात गैर काहीच नाही, हे मी मान्य करतो. गैर होते ते वेगळेच : जोखमीबरोबर अज्ञानही विकत घ्यायला लावले जात होते. म्हणून १९२४ मध्ये सुधारलेल्या जोखीम-पत्रात दुरुस्ती झाली ती अगदी नेमक्या जागी. माल ताब्यात असताना त्याचे काय काय केले हे रेल्वेने आधी उघड करावे. मालकाने काही सिद्ध करायचे ते त्यानंतर. सुरतेच्या एका कापड गिरणीच्या दाव्यात १९३७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने या अटीचा अर्थ लावला आणि उघड करण्याचे हे कर्तव्य गांभीर्याने घेतले. गुराख्याने कान आणून दाखवावेत, तशी रेल्वेने आपली नोंदवही उघडावी, अशीच ही अट होती.

स्वातंत्र्यानंतर पावतीच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांचे युग आले. १९६०च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयासमोर एका लाँड्रीची पावती आली. कपडा हरवल्यास बाजारभावाच्या १५ टक्केच भरपाई मिळेल असे तिच्यावर छापले होते. साडी नवी होती. न्यायालयाने ही अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवली, कारण ती मान्य केली तर नवा कपडा हडप करणे हाच लाँड्रीचा फायद्याचा धंदा होईल. नारदाचे कोष्टक या लाँड्रीला लावले असते, तर एकदा धुतलेल्या कपड्यालाही सात-अष्टमांश किंमत मोजावी लागली असती आणि चारदा धुतलेल्याला निम्मी. छापील अटीने ठरवलेला भाव या शेवटच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. मिटलेले धंद्यांचे नियम आता सांभाळणाराच लिहीत होता, स्वतःच्या सोयीने.

खासगी धंद्यापेक्षाही मोठा सांभाळणारा म्हणजे सरकार. जुनागढ संस्थानाच्या अधिकाऱ्यांनी जप्त केलेली वाहने अपील चालू असताना बेवारस म्हणून विकली गेली. आमचा मालकाशी करारच नव्हता, असे सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले, की करार नसला तरी ताबा होता, आणि जप्ती अपिलात रद्द होऊ शकत असताना वस्तू शाबूत ठेवणे हे कर्तव्यच होते. मग २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या वाहनतळावरून चोरीला गेलेल्या मोटारीचा निकाल आला. चावी हॉटेलच्या माणसाकडे होती. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापले होते. न्यायालयाने ठरवले, की गाडी सोपवली आणि परत मिळाली नाही एवढे दिसले की हलगर्जी झाली नव्हती हे हॉटेलने दाखवायचे, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील ओळीने झटकता येणार नाही. करार कायद्याबरोबरच, १ सप्टेंबर १८७२ रोजीच, अमलात आलेल्या पुरावा कायद्याचे कलम १०६ हेच सांगत होते : जी गोष्ट खास ज्याच्या माहितीतली, ती त्यानेच सिद्ध करावी. दोन्ही कायदे एकत्र वाचले तर १५१चे माप अपुरे नव्हते. ते कोणी सिद्ध करायचे हे विसरले गेले होते.

सगळ्यात कठीण वळण बँकेच्या लॉकरपाशी येते. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसते. म्हणून आत ठेवलेल्या वस्तू बँकेच्या ताब्यात दिल्या असे म्हणताच येत नाही, असे पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एका निकालात मानले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे बिनतोड वाटते. पण याज्ञवल्क्याचा उपनिधी नेमका असाच होता : बंद, न मोजलेला, आत काय ते न सांगितलेला. त्या अज्ञानातून स्मृतिकारांनी सुटकेची वाट काढली नाही, कर्तव्याची जागा बदलली. आतल्या ऐवजाचा हिशेब मागायचा नाही. मोहोर शाबूत आहे का, एवढे विचारायचे. मोहोरबंद ठेवीतून सांभाळणाऱ्याने स्वतः काही काढले नसेल तर त्याच्यावर दोष येत नाही, ही मनूची सवलतही याच सूत्रातली. सर्वोच्च न्यायालय २०२१ मध्ये याच ठिकाणी पोहोचले. एका ग्राहकाचा लॉकर बँकेने त्याला न कळवता फोडला होता. आतल्या वस्तूंचा वाद दिवाणी न्यायालयावर सोपवून न्यायालयाने सांगितले, की आत काय होते हे माहीत असो वा नसो, लॉकरची देखभाल आणि सुरक्षा हे बँकेचे स्वतंत्र कर्तव्य आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले. आग, चोरी, दरोडा किंवा नोकरांची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत.

या शंभर पटींवर दोन्ही बाजूंनी टीका होते. लॉकरमध्ये घराण्याचे सोने असते, भाड्याच्या पटीत त्याची भरपाई कशी होणार, असे ग्राहक विचारतात. न पाहिलेल्या सोन्याची किंमत आम्ही का मोजावी, असे बँका म्हणतात. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. सांभाळणाऱ्यावर अमर्याद ओझे टाकले, तर सांभाळायला कोणी तयार होणार नाही आणि झाला तर भाडे परवडणार नाही. जुना कायदाही दैव आणि राजा यांचे ओझे त्याच्यावर टाकत नव्हता. पण रकमेला मर्यादा घालणे आणि खुलाशातून सूट देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली व्यवहाराची गरज असू शकते. दुसरीला या सगळ्या इतिहासात कुठेच आधार सापडत नाही. लॉकर, वाहनतळ, कुरिअर, दुरुस्तीला दिलेला फोन, यांच्याविषयी नवा नियम करताना भरपाईचा आकडा नंतर ठरवला तरी चालेल. आधी ठरवायचे ते हे, की दार कोणी, कधी, का उघडले याची नोंद कोणाकडे आहे, आणि मालकाने मागितल्यावर ती त्याच्यापुढे ठेवणे बंधनकारक आहे की नाही. ते बंधन नसेल, तर भरपाईच्या शंभर पटी कागदावरच राहतात, कारण नुकसान कसे झाले हे सांगू शकणारा एकमेव माणूस गप्प राहून खटला जिंकू शकतो.